ऑटिस्टिक प्रौढांचा नागपूरचा गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतात. काही आमच्यासारख्याच ऑटिस्टिक माणसांचे, बरेचसे आईवडिलांचे, थोडे कंपन्यांच्या एचआरवाल्यांचे. फोनवर उत्तरं देणं आमच्यातल्या बऱ्याच जणांना जड जातं, म्हणून सगळं लिहून ठेवलं आहे. पूर्ण वाचलंच पाहिजे असं नाही. आपला प्रश्न शोधा, तेवढा वाचा.

हा गट नेमका कोणाचा?

अठरा वर्षांवरच्या ऑटिस्टिक माणसांचा, म्हणजे ज्यांच्या मेंदूची जडणघडण जन्मतःच वेगळी आहे अशांचा. दवाखान्याचा नाही, थेरपी सेंटरचा नाही, पालक संघटनेचाही नाही. भेट कुठे, किती वेळ, काय करायचं आणि काय नाही, हे ऑटिस्टिक माणसंच ठरवतात.

पालकांबद्दल आकस आहे असं कोणी समजू नये. भारतात ऑटिझमवर जे काही उभं राहिलं त्यात पालकांचा वाटा फार मोठा आहे. दिल्लीत १९९१ साली सुरू झालेली ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था एका आईनंच उभी केली. पण त्या सगळ्या कामाच्या मध्यभागी लहान मूल होतं, आणि मूल मोठं होतं. आपल्याकडच्या थेरपी सेंटरांचे बोर्ड बघा: फुगे, इंद्रधनुष्य, हत्तीचं पिल्लू. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या आणि ऑफिसातल्या ट्यूबलाइटनं डोकं उठणाऱ्या चाळिशीतल्या माणसानं त्या दारातून आत जायचं कसं?

मोठ्या माणसांना ऑटिझम असतो? तो तर मुलांचा असतो ना?

जन्मापासून असतो आणि जन्मभर राहतो. मोठेपणी तो दिसत नाही, कारण माणूस लपवायला शिकलेला असतो: समोरच्याच्या डोळ्यांऐवजी भुवयांकडे बघायचं, हसायचं कधी ते दुसऱ्यांकडे बघून ठरवायचं, लग्नाला जाण्याआधी बोलायची वाक्यं पाठ करायची. त्याची किंमत घरी आल्यावर मोजावी लागते. कोणी दोन दिवस बोलत नाही, कोणाला अंघोळीलाही उठवत नाही.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना लहानपणी कोणी ओळखलंच नाही, यात नवल नाही. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं एकवीस प्रकारांच्या यादीत घेतलं. ज्यांना पूर्वी ॲस्पर्जर म्हणत, तेही २०१३ पासून अमेरिकन निदानपुस्तिकेत ऑटिझमच्याच वर्णपटात धरले जातात. शाळेत मार्क चांगले, बोलणं स्पष्ट, म्हणजे 'जरा एकलकोंडा आहे' एवढ्यावर विषय संपायचा. मुलींच्या बाबतीत तर तेवढंही नाही. 'शांत आहे, गुणाची आहे' म्हणून कौतुक व्हायचं.

फक्त आपल्याआपल्यात बसून काय होणार? सगळ्यांत मिसळायला शिका की!

हा प्रश्न बहुतेक वेळा मामा किंवा आत्या विचारतात, आणि प्रेमानंच विचारतात.

मिसळायचं तर रोजच आहे. शाळेत, ऑफिसात, सोसायटीत, बर्डीच्या गर्दीत आम्ही मिसळतोच. पण त्या मिसळण्यातला बदल दरवेळी एकाच बाजूनं करायचा असतो. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात, पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही. २०२० मध्ये एडिनबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशा आठ जणांच्या साखळ्या केल्या. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत.

आमच्या भेटीत हे दर वेळी दिसतं. 'तू रागावलास का?' हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही, कारण सपाट आवाज म्हणजे राग नव्हे हे सगळ्यांना माहीत असतं. तेवढ्यानंसुद्धा माणसाचे खांदे सैल पडतात.

माझं निदान झालेलं नाही. येऊ का?

या.

निदानाला पैसा लागतो, रजा लागते, आणि प्रौढांचा ऑटिझम ओळखणारे डॉक्टर मोजके आहेत. नैराश्य किंवा चिंतेची औषधं वर्षानुवर्षं घेतल्यावर मग कोणाच्या तरी लक्षात येतं, अशी उदाहरणं आमच्यात भरपूर आहेत. त्यामुळे कागद दाखवा असं आम्ही म्हणत नाही. एक मात्र करत नाही: 'तुम्ही नक्की ऑटिस्टिकच' असं कोणाला सांगत नाही. ते आमचं काम नव्हे.

निदान करून घ्यायचं तर नागपुरात कुठे जायचं?

मेडिकल कॉलेजचं रुग्णालय (आम्ही नुसतं मेडिकल म्हणतो), मेयो रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी ठिकाणी मनोविकृतिशास्त्र विभाग आहेत. खाजगीत मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, 'प्रौढांचं ऑटिझमचं मूल्यमापन करता का?' उत्तर नाही असेल तर तुमची एक चक्कर वाचते.

जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं न्या. 'वर्गात लक्ष नसते', 'मुलांमध्ये मिसळत नाही', 'अक्षर सुधारावे' असे शेरे तिथे सोन्याच्या मोलाचे ठरतात. तुमचं तीन-चार वर्षांचं वय आठवणारी आई, मावशी, मोठी बहीण सोबत असेल तर उत्तम. नसेल तरी अडत नाही. आणि घरून लिहून न्या: कुठले आवाज सहन होत नाहीत, कुठले कपडे टोचतात, ठरलेलं ऐनवेळी बदललं की काय होतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर हे सगळं डोक्यातून पुसलं जातं.

प्रमाणपत्र, यूडीआयडी, चाळीस टक्के: हे काय प्रकरण आहे?

निदान वेगळं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. निदान तुमच्यासाठी. प्रमाणपत्र सरकारी कामासाठी, आणि ते काढलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

यूडीआयडी म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. ऑटिझमसाठी आपल्याकडे इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तर गुणांपासून ऑटिझम धरतात आणि तिथूनच चाळीस टक्के दिव्यांगत्व सुरू होतं. कायद्यातलं आरक्षण आणि बहुतेक योजना चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी आहेत.

इथे एक गोची आहे. जो माणूस आयुष्यभर लपवायला शिकला, तो तपासणीच्या खोलीतही सवयीनं लपवतो. नीट बसतो, नजर देतो, 'सगळं ठीक आहे' म्हणतो, आणि गुण कमी पडतात. खोटं बोला असं आम्ही कधीच सांगणार नाही. उलट, त्या दिवशी खरं वागा. हात हलवावेसे वाटले तर हलवू द्या. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणा. घरात कोणती कामं दुसऱ्या कोणाला करावी लागतात, तेही सांगा.

प्रमाणपत्रामुळे काय मिळतं? सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखीव असतात. सरकारी नोकऱ्यांत एकूण चार टक्के. त्यातला शेवटचा एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात मिळून आहे. म्हणजे एका पानात पाच जणांनी जेवायचं. तरी आहे ते आहे. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. उत्पन्न अगदी कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा.

आणि चाळीस टक्के नसले तर? विकासकुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं की वाजवी सोयीसुविधा मागायला चाळीस टक्क्यांची अट लागत नाही. आरक्षण एक गोष्ट, सोय दुसरी. हा निकाल लक्षात ठेवा, कारण टेबलामागचे साहेब बहुधा विसरलेले असतात.

भेटीत काय होतं?

आधी हे सांगतो की काय होत नाही. गोल करून बसून 'आपली ओळख करून द्या' होत नाही. टाळ्या वाजवत नाही. आईसब्रेकर गेम नाहीत. फोटो नाहीत. 'मोकळं व्हा' असं कोणी म्हणत नाही.

दोन दिवस आधी लेखी निरोप येतो. त्यात सगळं असतं: एलएडी चौक मेट्रो स्टेशनच्या कुठल्या बाजूनं उतरायचं, किती चालायचं, वाटेत कुठली खूण, दाराचा फोटो, बूट बाहेर काढायचे की नाही, किती लोक असतील, सुरू किती वाजता आणि संपणार किती वाजता. संपायची वेळ सुरू व्हायच्या वेळेपेक्षा महत्त्वाची. दोन तास म्हणजे दोन तास. नागपुरी पद्धतीनं दारात उभं राहून आणखी पाऊण तास बोलणं ज्यांना हवं ते बोलतात, पण बाकीच्यांनी न सांगता निघून जायला पूर्ण मोकळीक आहे. 'येतो' म्हणायचीही गरज नाही.

दाराशी तीन रंगांचे बिल्ले ठेवलेले असतात. हिरवा म्हणजे कोणीही येऊन बोला. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला. लाल म्हणजे मी स्वतः आल्याशिवाय बोलू नका. ही युक्ती आमची नाही. अमेरिकेत १९९६ पासून ऑटिस्टिक लोकांनी स्वतःसाठी भरवलेल्या ऑट्रीट नावाच्या शिबिरांतून ती जगभर गेली. लाल बिल्ला लावून दोन तास कोपऱ्यात बसून वाचणारा माणूसही पूर्ण सभासदच. काही जण कित्येक भेटी तसेच बसतात आणि मग एके दिवशी पिवळा उचलतात. त्यावर कोणी काही बोलत नाही, हे महत्त्वाचं.

जागेचा विचार करताना आवाज हा पहिला मुद्दा. उन्हाळ्यात नागपुरात कूलरशिवाय बसणं अशक्य, आणि कूलरचा आवाज! आमच्यात यावरून सरळ दोन तट आहेत. काहींना ती एकसारखी घरघर झोप आणते, इतकी आवडते. काहींना तिच्यामुळे शेजारच्याचं बोलणं शब्दशः ऐकू येत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये भेट सकाळी लवकर ठेवतो, कूलरवाली आणि बिनकूलरची अशा दोन खोल्या ठेवतो, आणि हिवाळ्यात सेमिनरी हिल्सच्या झाडीत जातो. मे महिन्याच्या दुपारी कोणालाही बोलावत नाही. पंचेचाळीस अंशांत ऑटिस्टिक काय, कोणीच माणसात नसतो.

खाणं? तर्री-पोहे असतात, पण पोहे वेगळे, तर्री वेगळी, शेव वेगळी. एकमेकांना लागलेलं चालत नाही असे बरेच आहेत. डबा घरून आणला तरी 'आमच्याकडचं नाही का आवडलं?' असं कोणी विचारणार नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात एक जण आपल्या आवडीच्या विषयावर बोलतो, मनसोक्त. नागपूर स्टेशनाजवळचं डायमंड क्रॉसिंग आणि तिथून गाड्या कशा सोडतात, यावर एकदा सुरेख बोलणं झालं. नॅरोगेज गाड्यांवर झालं, तेव्हा पुढची भेट मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयात ठेवावी लागली. साडीच्या काठांचे प्रकार, मुंग्या, देवनागरी टाइप, संत्र्याच्या कलमा, काहीही चालतं. लहानपणापासून 'पुरे आता' ऐकत आलेल्या माणसाला पुढे बोल म्हणणारे लोक मिळतात, तेव्हा तो किती नीट बोलतो ते ऐकण्यासारखं असतं.

जे बोलत नाहीत, त्यांना येता येतं का?

येतं. टाइप करून, मोबाइलवरच्या चित्रांनी, अक्षरफळ्यावर बोट ठेवून बोलणारे लोक येतात. उत्तराला वेळ लागतो, तेवढा थांबायचा नियम आहे. मध्येच कोणी वाक्य पूर्ण करून द्यायचं नाही. मदतनीस सोबत असेल तर स्वागतच. फक्त प्रश्न त्या माणसाला विचारला जाईल, मदतनिसाला नाही. अस्खलित बोलता येतं म्हणून काही जण स्वतःला वरच्या पायरीवरचे समजतात, ते आमच्याकडे चालत नाही.

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. त्याला एकटं काऊन पाठवू? मी सोबत बसली तर काय बिघडते?

काकू, पहिल्या वेळी दारापर्यंत अवश्य या. जागा बघा, आम्हाला बघा, हवं तर शेजारच्या खोलीत बसा. तिथे पंखा आहे, चहा आहे, आणि तुमच्यासारखीच आणखी एखादी आई असते. त्या खोलीतही बऱ्याच गोष्टी होतात.

पण आत नको. तुम्ही वाईट वागाल म्हणून नव्हे. आई खोलीत असली की मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई देते. सव्वीस वर्षांची सवय आहे ती, एका दिवसात जाणार नाही. तो उत्तर द्यायला दोन मिनिटं घेईल, आणि ती दोन मिनिटं तुम्हाला बघवणार नाहीत. आम्हाला बघवतात.

आमच्यानंतर याचं काय?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा मुलगा पाणी प्यायला बाहेर गेलेला असताना, हळू आवाजात. आमची विनंती आहे की तो त्याच्यासमोर विचारा. त्यालाही हाच प्रश्न रात्री पडतो.

कायद्याचं आधी सांगतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की ऑटिस्टिक माणूसही कायद्यानं सज्ञानच. २०१६ चा कायदा सांगतो की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे: मालमत्ता बाळगायची, बँकेचे व्यवहार करायचे. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती नेमते. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाचीही सोय आहे, म्हणजे ठरावीक बाबीपुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून. पालकत्वाचा अर्ज प्रत्येकानं सरसकट करावा असं आम्हाला वाटत नाही. बँकेतला कारकून 'गार्डियन आणा' म्हणाला एवढ्या कारणावर तर नकोच. सही करण्याचा हक्क एकदा गेला की परत मिळवणं सोपं नसतं.

मृत्युपत्र करा, आणि ते वकिलाकडून करून घ्या. भावा-बहिणीला गृहीत धरू नका, त्यांच्याशी बोला. त्यांचाही संसार आहे आणि 'हो'मध्ये दडलेलं 'नाही' त्यांना आयुष्यभर वाहावं लागतं.

पण खरं उत्तर कागदात नाही. आईवडील गेल्यावर माणूस अडतो तो छोट्या गोष्टींत: गॅस संपला तर नंबर कुठे लावायचा, ताप आला तर कोणाला सांगायचं, बिल थकलं तर काय करायचं, तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांना कसं तोंड द्यायचं. म्हणून आम्ही प्रत्येकाची एक वही करतो. 'घर चालवायची वही' म्हणतो तिला. आईच्या डोक्यात असलेली प्रत्येक गोष्ट तिच्यात उतरवायची: दूधवाल्याचा हिशेब, सिलेंडरचा नंबर, औषधं, कुठला इलेक्ट्रिशियन नीट बोलतो. आई असतानाच महिन्यातले काही दिवस ती वही घेऊन घर चालवून बघायचं. आणि गटात प्रत्येकाचे दोन सोबती ठरलेले असतात. ते रोज एक मेसेज करतात, उत्तर आलं नाही तर घरी जातात. भावाबहिणींपेक्षा हे सोबती जवळ राहणारे असतात, शक्यतो मेट्रोच्या चार-पाच स्टेशनांच्या आत.

नोकरीचं काय? तुम्ही लावून देता का?

लावून देत नाही. तयारी करतो, सोबत जातो, आणि लागल्यावर टिकावी म्हणून मागे उभे राहतो. टिकणंच अवघड असतं.

'ऑटिस्टिक म्हणजे कॉम्प्युटरात हुशार' हा समज २०१३ नंतर जास्त पसरला. त्या वर्षी एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीनं ऑटिस्टिक लोकांना नोकरी देण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्याची चाचणी बंगळुरूला झाली होती. कार्यक्रम चांगला, पण त्यातून निघालेला समज अर्धवट. मिहान आणि आयटी पार्कमध्ये जाणारे आमच्यात आहेत, तसे इतवारीच्या ठोक दुकानात साठ्याची नोंद ठेवणारे, छापखान्यात मुद्रितं तपासणारे, नर्सरीत रोपं सांभाळणारे आणि घरून हिशेब लिहिणारेही आहेत. इतवारीतला तो शेठ आमच्या मते शहरातला सर्वांत चांगला मालक. त्यानं ऑटिझम हा शब्द ऐकलेला नाही. त्याला इतकंच माहीत आहे की या पोराला काम चिठ्ठीवर लिहून द्यायचं, गिऱ्हाइकाशी बोलायला लावायचं नाही, आणि एक ते दोन माडीवर एकटं जेवू द्यायचं.

कंपनीत मागायच्या सोयी याहून फारशा वेगळ्या नसतात. मुलाखतीचे प्रश्न आदल्या दिवशी लेखी. 'स्वतःबद्दल सांगा' ऐवजी प्रत्यक्ष काम करून दाखवायची संधी. बसायची जागा ठरलेली, दाराच्या आणि कॅन्टीनच्या वाटेवर नको. कानावर हेडफोन चालू दे. सूचना तोंडी दिली तर मागून मेसेज. पार्टीला न येण्याची मुभा, आणि न आल्याचा ठपका वार्षिक मूल्यमापनात नको. यातल्या बहुतेक सोयींना पैसा लागत नाही. लागते ती सवय बदलायची तयारी, आणि तिचाच तुटवडा आहे.

आपण ऑटिस्टिक आहोत हे कंपनीत सांगावं का? यावर आमच्यात एकमत नाही. सांगितल्यावर सोय मिळालेले आहेत, आणि सांगितल्यावर अचानक 'क्लायंटसमोर नको' म्हणून बाजूला काढलेलेही. आमचा सल्ला असा: आधी गरज सांगा, नाव नंतर. 'मला लेखी सूचनेवर काम चांगलं जमतं' एवढ्यानं भागलं तर पुढे जाऊ नका. नाही भागलं तर कायद्याचं नाव घेऊन लेखी मागा.

आमच्या कंपनीत एप्रिलमध्ये जागरूकता सत्र घ्याल का?

मानधन द्याल तर. 'एक्स्पोजर मिळेल' हे मानधन नव्हे.

२ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, निळे फुगे लावण्याआधी एक बघा. कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, खाजगीनंसुद्धा. ते तुमच्याकडे आहे का? असेल तर सत्राआधी आम्हाला पाठवा. नसेल तर सत्र सोडा, ते धोरण लिहायला बसू.

लग्नाचं?

गट वधू-वर सूचक मंडळ नाही. लग्न झालेले, न झालेले, मोडलेले, जोडीदारही ऑटिस्टिक असलेले, असे सगळे आमच्यात आहेत. 'लग्न करून द्या, आपोआप सुधरेल' हा सल्ला देणाऱ्याला आमच्या वतीनं हात जोडून सांगा की सुधारायला काही बिघडलेलं नाही. आणि लपवून लग्न लावलं तर दोन माणसांचं नुकसान होतं.

सणासुदीला काय करता?

मारबतीच्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या मोठ्या मिरवणुकीच्या दिवशी, महाल-इतवारीत भेट ठेवत नाही, हे उघड आहे. त्या भागात राहणारे आमचे दोस्त तान्ह्या पोळ्याला सकाळीच दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतात. काहींना मात्र मारबत प्रचंड आवडते. ढोलाचा ठोका ठरलेला असतो, मिरवणुकीचा मार्ग ठरलेला असतो, आणि सगळेच ओरडत असल्यामुळे आपण ओरडलो तर कोणी वळून बघत नाही. गणपतीतल्या डीजेचं तसं नाही, तो कोणालाच झेपत नाही. लग्नाच्या लॉनवर जायचंच असेल तर जेवणाच्या गर्दीआधी जा, स्टेजवर न चढता भेटून घ्या, बाहेर पडायची वाट आल्याआल्या बघून ठेवा.

हे बरं करणारं औषध निघालं आहे म्हणे?

नाही. झोप, चिंता, फिट्स यांच्यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यावीत. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. स्टेम सेल, शरीरातले धातू काढणारी इंजेक्शनं असलं काही लाखांच्या पॅकेजमध्ये विकणारे भेटतील. स्टेम सेल उपचार ऑटिझमसाठी मान्य नाही, आणि धातू काढणारी इंजेक्शनं जिवावर बेतू शकतात. ते पैसे मुलाच्या नावानं ठेवा.

संकटात फोन करता येईल का?

आम्ही चोवीस तास उपलब्ध नाही. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बोलवत नसेल तर आपल्या सोबत्याला फक्त एक टिंब पाठवा. टिंब आलं की काहीही न विचारता सोबती निघतो, असं ठरलेलं आहे.

फी किती? नोंदणी झाली आहे का?

फी नाही. खोलीच्या भाड्यासाठी डबा ठेवलेला असतो, जमेल तेवढं टाका. नोंदणी केलेली नाही. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, तेवढे आहेत. पण मग धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब, बदल अर्ज, सभेची इतिवृत्तं. ती लिहायला आवडणारा एक जण आमच्यात आहे, इतरांना मात्र अजून पटलेलं नाही.

आम्ही वर्धेला आहोत, अमरावतीला आहोत. तिकडे असं काही सुरू करायचं तर?

दोन माणसं पुरतात. जागा एकच ठेवा, बदलू नका. वार आणि वेळ ठरलेली. निरोप लेखी. पहिल्याच महिन्यात शिबिर, पाहुणे, बॅनर, पेपरात बातमी असलं काही करू नका. बॅनरचा फोटो येतो आणि ज्यांना यायचं असतं ते येत नाहीत. उद्घाटनाला आमदार तर मुळीच नको, ते कधीच वेळेवर येत नाहीत आणि आपली दोन तासांची भेट तिथेच संपते.

मी ऑटिस्टिक नाही, पण मदत करायची आहे. काय करू?

सेतू केंद्रात आणि तहसीलच्या रांगेत सोबत उभे राहा. प्रमाणपत्राच्या तपासणीच्या दिवशी मेडिकलमध्ये नंबर लावायला या, म्हणजे आमच्या माणसाला गर्दीत थांबावं लागणार नाही. रिकामी, शांत खोली असेल तर कळवा. आणि सगळ्यांत जास्त गरज आहे ती फोन करणाऱ्याची. बँक, गॅस एजन्सी, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, हरवलेलं पार्सल: ही यादी आमच्याकडे नेहमी तुंबलेली असते.